बाबासाठी केलेली सुरी

रोह्याच्या एका कंपनीत मी आयुष्यभर फिटर होतो. लोखंडाशी माझं जमतं, माणसांशी तितकंसं जमत नाही, असं घरातले लोक तोंडावर सांगतात आणि मी ते नाकारत नाही. पाना हातात घेतला की तो किती दिवस टिकेल हे मला कळतं. दुकानदाराने ‘एक नंबर माल’ म्हटलं की मी तो माल त्याच्याच काउंटरवर आपटून आवाज ऐकतो, आणि बायको लाजून रस्त्याच्या पलीकडे जाऊन उभी राहते. अशा माणसाने जन्मात एकच सुरी जीव ओतून घडवली, ती बापासाठी. त्या सुरीत काडीची खोट नव्हती. हे आधीच सांगून ठेवतो, नाहीतर पुढे कुणाला वाटायचं सुरीनेच दगा दिला.

आमचं गाव पेण तालुक्यात, जिते स्टेशनावर उतरून खाडीच्या अंगाला पाऊण तास चालत. बापाला आम्ही बाबा म्हणायचो, पण अरेतुरे करून. रोह्यातल्या माझ्या शेजाऱ्यांना ते खटकायचं. आमच्याकडे बापाला अहोजाहो केलं असतं तर तो मागे वळून कोण पाहुणा आलाय ते बघत बसला असता. आई गेल्यावर तो गावी एकटाच राहायला लागला. स्वतःपुरता भात रांधायचा, आणि उरलेला दिवस बांधावर काढायचा.

बांध म्हणजे खाडी आणि शेत यांच्या मधली मातीची भिंत. तो फुटला की वर्षाचं भात खाऱ्या पाण्यात गेलं. त्या बांधात एका जागी उघाडी असते, शेतातलं जास्तीचं पाणी खाडीत सोडायची मोरी. तिच्या बाहेरच्या तोंडावर एक जड लाकडी झडप लोंबत असते. ओहोटी लागली की आतलं पाणी झडप ढकलून बाहेर जातं, भरती आली की खाडीचंच पाणी झडप दाबून बंद करतं. इतकी साधी आणि हुशार वस्तू मी कंपनीतही पाहिली नाही. फक्त झडपेत काही अडकता कामा नये. दोरीचा तुकडा, ओंडका, फाटकं जाळं, काहीही अडकलं की फट राहते आणि खारं पाणी आत येतं. म्हणून कुणीतरी ओहोटीला खाली चिखलात उतरून ती साफ ठेवावी लागते. आमच्या भागातल्या उघाडीवर ते काम गेली कितीतरी वर्षं बाबा करत होता. त्याला कुणी नेमलं नव्हतं आणि कुणी काढणारही नव्हतं.

एका हिवाळ्यात बाबा उघाडीच्या तोंडाशी मासळीसाठी लावलेलं स्वतःचं जाळं काढायला उतरला आणि जाळ्याची दोरी त्याच्या घोट्याला गुंडाळली गेली. पाय मांडीपर्यंत चिखलात. दोरी नायलॉनची, पाणी लागलं की जास्तच आवळणारी. कोयता होता, पण तो बांधावर. आमच्याकडे माणूस कमरेला लाकडी आकडी बांधतो आणि तिच्यात मागच्या बाजूला कोयता अडकवतो; चिखलात उतरताना मात्र तो मध्ये येतो म्हणून सगळेच आकडी सोडून वर ठेवतात. तेवढ्यात भरती लागली. शेजारचा काका, बाबाच्याच वयाचा, योगायोगाने त्या बाजूला आला आणि त्याने स्वतःच्या कोयत्याने दोरी तोडली. पाणी तोवर बाबाच्या छातीला आलं होतं.

हे मला बाबाने सांगितलं नाही. त्याने सांगितलं ते एवढंच, की जाळं फाटलं. खरं काय ते काकाने जिते स्टेशनावर सांगितलं, मी गाडीची वाट बघत असताना. गाडी आली आणि गेली, मी तसाच बाकावर. मग पुन्हा गावात परतलो आणि बाबाशी भांडलो.

“चल रोह्याला,” मी म्हणालो. “आत्ता चल.”

“रोह्याला येऊन काय करू? तुझ्या ग्यालरीत बसून गाड्या मोजू?”

“जिवंत तरी राहशील.”

“मना आता काय करायचाय जगून? झाला माझा. तुझी आय गेली, आता दिवस ढकलायचे.”

तो हे अगदी सहज म्हणाला, भात शिजला का बघ म्हणावं तसं. मला ते खरं वाटलं. आई गेल्यापासून तो जेवणातही कमी झाला होता, दाढी आठवडा आठवडा तशीच. ज्या माणसाला स्वतःच्या जिवाची फिकीर नाही त्याचा जीव आपणच सांभाळायचा, असं मी त्या दिवशी मनात पक्कं केलं. बाबा उघाडी सोडणार नव्हता. मग उघाडीवर उतरताना त्याच्या अंगावर असेल, आणि अंगावरून कधीच उतरणार नाही, अशी एक लहान सुरी हवी. माझ्या डोक्यात प्रश्न इतका सरळ झाला, की मला बरंच वाटलं.

पहिली सुरी मुंबईच्या फुटपाथवरची. शिफ्टमधल्या एकाने मोठ्या प्रेमाने आणून दिली. मूठ पोकळ, तिच्या झाकणात होकायंत्र, आत काड्या, गळ, सुई-दोरा. पात्याच्या पाठीला करवतीचे दाते. हिच्यावर माणूस जंगलात महिनाभर जगतो, असं आणणाऱ्याने सांगितलं. मी ती बाबासमोर ठेवली. त्याने झाकण उघडून होकायंत्र उन्हात धरलं, सुई थरथरताना बराच वेळ पाहिली.

“ही उत्तर दाखवते?”

“व्हय.”

“आपल्या बांधावं उत्तर हाय तिथंच हाय. कुठं जायाची नाय,” म्हणाला, आणि सुई-दोऱ्यातली सुई काढून घेतली, गोधडी शिवायला बरी म्हणून. मी सुरी परत रोह्याला नेली आणि शेगड्यात, म्हणजे टेबलावरच्या व्हाइसमध्ये, पातं धरून मूठ जरा बाजूला ओढली. पातं मुठीच्या आत बोटभरच गेलं होतं. काटकन तुटलं. मला इतका राग आला की दोन दिवस मी त्या बिचाऱ्या आणणाऱ्याशी बोललो नाही.

दुसरी घडीची. खांब गावाजवळ हायवेवर ट्रक थांबतात तिथल्या एका टपरीवर मिळाली. पातं चांगलं होतं, आवाज भरीव, उघडल्यावर खटकन अडकायचं. खिशात मावायची. ही जमली असं मी धरून चाललो. पण कंपनीत सेफ्टीच्या तासाला आम्हाला एक गोष्ट शंभरदा ऐकवली होती, की साधन टेबलावर तपासू नका, जिथे वापरायचं तिथे तपासा. म्हणून मी बाबाला परसात नेलं, त्याचे दोन्ही हात चिखलात बुडवले आणि म्हणालो, उघड.

त्या पात्याला नखाने ओढायची एक बारीक खाच होती. बाबाची नखं मिठाने आणि चिखलाने खाऊन खाऊन बोटांच्या टोकाशी उरली होती. बोटं जाड, भेगाळलेली. त्याने खाच शोधली, बोट सटकलं. पुन्हा शोधली. मग दातात धरली. मी घड्याळाकडे बघत होतो, आणि मला बापाची बोटं दिसत नव्हती, फक्त वेळ दिसत होता.

“अरे काय करतोस तू? एवढं जमत नाय तुला?” मी खेकसलो.

त्याने सुरी माझ्या पायाशी ठेवली आणि हात धुवायला गेला. मला त्या क्षणाची आजही लाज वाटते. ज्या हातांनी मला हौदात पोहायला शिकवलं त्यांच्यावर मी एका टपरीवरच्या मालासाठी ओरडलो होतो. पुढच्या रविवारी गेलो तेव्हा सुरी खिळ्याला टांगलेली होती, आणि खाऱ्या हवेने तिचा सांधा असा धरला होता की ती मलाही उघडेना.

मग मी विकतची सुरी शोधायचं सोडलं. उघडावी लागणार नाही अशी सुरी हवी होती, म्हणजे सरळ पात्याची. एका हाताने निघाली पाहिजे, कुठल्याही हाताने. ओली नायलॉनची दोरी कापली पाहिजे. अंगावर टोचता कामा नये, नाहीतर बाबा ती काढून ठेवणार. आणि चिखलात पडली तर दिसली पाहिजे. हे सगळं मी पासबुकाच्या पाठीवर लिहून काढलं आणि पेणच्या एका लोहाराकडे गेलो.

लोहार हमरापूरच्या मूर्तिकारांच्या कोरण्या करण्यात बुडालेला. गणपती पुढे कितीतरी महिने लांब होते, पण त्यांचं काम आधीच सुरू होतं. “सुरी? एवढीशी? मासे कापायला?” त्याने विचारलं. मी म्हणालो, बापाला. त्याने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि काम बाजूला ठेवलं. पोलाद मीच नेलं होतं, झिजलेली जुनी कानस. त्याने ती तापवून, ठोकून, करंगळीएवढ्या लांबीचं पातं काढलं. पाणी द्यायच्या आधी, म्हणजे तापवून विझवून कडक करायच्या आधी, मी ते रोह्याला नेलं आणि धारेच्या अर्ध्या भागाला बारीक दाते घातले. नायलॉन गुळगुळीत धारेवरून घसरतो, दात्यांत मात्र अडकतो. पुन्हा पेणला. लोहाराने पाणी दिलं, मी धार लावली, आणि अंगठ्यावर टेकवून पाहिली तेव्हा मला हसू आलं. कितीतरी दिवसांनी.

म्यान मी पाण्याच्या प्लॅस्टिक पाइपचं केलं. पाइप स्टोव्हवर मऊ करून पात्याभोवती दाबायचा, गार झाला की पातं त्यात घट्ट बसतं आणि झटक्याने निघतं. मुठीला भगवी टेप गुंडाळली, चिखलात दिसायला. सुरी गळ्यात, मूठ खाली. हात छातीवर न्यायचा आणि खाली ओढायचं, बस. गळ्यातली दोरी मुद्दाम कच्च्या सुताची ठेवली. कशात अडकली तर तुटावी, बाबाचा गळा आवळू नये. हे सगळं मी बायकोला समजावून सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “माझ्या मंगळसूत्राकडे कधी एवढं लक्ष दिलं नाही तुम्ही.” मी मनावर घेतलं नाही.

बाबाने सुरी गळ्यात घातली, सदरा वरून खाली सोडला, दोन पावलं चालला. “टोचत नाय,” म्हणाला. त्याच्याकडून याहून मोठं कौतुक मी कधी ऐकलं नाही.

मग दर रविवारी मी त्याला शिकवायचो. डोळे मिटून काढ. डाव्या हाताने काढ. आता पाय बांधलाय असं समज, वाक, आणि काढ. परसात जुन्या दोरीचे तुकडे टाकून ठेवलेले असायचे. शेजारचा काका कुंपणावरून बघायचा आणि विचारायचा, “म्हाताऱ्याला पलटणीत पाठवतोस काय रं?” बाबाही हसायचा. पहिल्यांदा त्याचा हात सदऱ्यात चाचपडायचा. मग सरळ जायला लागला. पावसाळा संपता संपता हात विचार न करता जायचा. मी सुरी फक्त दोरीसाठी ठेव म्हणून शंभरदा बजावलं होतं, तरी तो तिने सुपारीही कातरायचा, धार गेली की मी चिडायचो आणि पुन्हा लावून द्यायचो. त्या पावसात एकदा त्याने कुणाच्यातरी म्हशीचं दावं झडपेतून तोडून काढलं. मला कळलं तेव्हा मी दिवसभर कंपनीत लोकांना चहा पाजला. इतका निर्धास्त मी आईच्या आजारपणानंतर कधी झालो नव्हतो.

नवरात्रात सुट्टी काढून मी बायकोला घेऊन गावी गेलो. अष्टमीला पोचलो. दुसऱ्या दिवशी खंडेनवमी.

आमच्याकडे त्या दिवशी घरातली सगळी हत्यारं घासून, पुसून, देवापुढे मांडतात. कोयता, विळे, कुऱ्हाड, पहार, कुदळ. त्यांना कुंकू, त्यांना झेंडू, त्यांना नैवेद्य. आणि त्या दिवशी धारेला हात लावायचा नाही. भाजीसुद्धा आदल्या दिवशी चिरून ठेवायची, नाहीतर हाताने मोडून टाकायची. वर्षभर राबलेल्या लोखंडाला एक दिवस विश्रांती. फिटरला याच्यापेक्षा मोठा सण नाही. कंपनीत आम्ही पान्यांना आणि मशिनींना हार घालतो, तिथेही मी सर्वांच्या आधी हजर असतो. माझा देवावर फार विश्वास आहे असं नाही, पण हत्यारांच्या पूजेवर होता.

सकाळी मी पाटावर सगळं मांडलं. मधोमध थोडी जागा मोकळी ठेवली.

“बाबा, ती गळ्यातली काढ.”

“ऱ्हाऊ दे रं. ती काय, एवढीशी हाय.”

“एवढीशी म्हणून काय झालं? तिनेच तर सगळ्यात जास्त काम केलंय.”

“आणि उघाडीवं जायला लागला तं?”

“आज कोण जातंय उघाडीवर? नवमी आहे. भांगाचं पाणी.”

भांग म्हणजे अष्टमी-नवमीची मंद भरती. पुनवेला, अवसेला उधाण येतं, पाणी धावत येतं. नवमीला ते हळूहळू चढतं, जोर नसतो. हे मी कुणाला सांगत होतो? रोह्याच्या बिल्डिंगीत राहणारा मी, खाडीवर जन्म काढलेल्या माणसाला. आणि खरं कारण ते नव्हतंच. खरं कारण असं की दुपारी शेजारपाजारचे लोक पाटावरची हत्यारं बघायला येतात, आणि मला ती सुरी मधोमध दिसायला हवी होती. मला माझी कारागिरी मिरवायची होती. हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही, पण तिला ते माहीत असावं.

बाबाने सूत डोक्यावरून काढलं. धारेची वस्तू कुणाच्या हातात द्यायची नसते म्हणून त्याने सुरी जमिनीवर ठेवली आणि मी ती उचलली. म्यानातून काढून कोयत्याच्या पुढे ठेवली. कुंकू लावलं. बाबाचा हात एकदा छातीवर गेला, रिकाम्या सदऱ्यावर, आणि खाली आला. मी बघितलं. बघून मला हसू आलं, की सवय किती चांगली लागलीय.

लोक आले. “हे कुणी केलं?” म्हणाले, आणि मी दाते, पाणी, पाइप, कच्चं सूत सगळं सांगत बसलो. बायकोने दोनदा डोळ्यांनी खुणावलं, आता पुरे. मग जेवलो. पुरणपोळी होती. मी पडवीत चटई टाकून आडवा झालो.

पुढचं बायकोने सांगितलेलं. जेवणानंतर बाबा अंगणात उभा राहून उघाडीच्या बाजूला बघत होता. भात पोटरीतून बाहेर पडलेलं, कणसं भरत आलेली, आणि शेतातलं पाणी त्याला नेहमीपेक्षा वर दिसत होतं. म्हणजे झडप नीट मिटत नव्हती. “झडपेत कायतरी हाय. जरा बघून येतो गो,” तो म्हणाला. बायको म्हणाली, “बाबा, सुरी घेऊन जा ना.” त्याने देवापुढच्या पाटाकडे पाहिलं. म्हणाला, “देवापुढची उचलतात काय गो? आलोच.” तिने मला उठवलं नाही. मी दमून आलोय असं तिला वाटलं. या एका गोष्टीवर आम्ही नवरा-बायको पुन्हा कधी बोललो नाही, आणि त्यामुळे दुसऱ्याही पुष्कळ गोष्टींवर बोलायचं राहून गेलं.

मी उठलो तेव्हा उन्हं कलली होती. बाबा कुठे गेला विचारलं, आणि तिने सांगितलं. मी धावत सुटलो. माझ्या पुढे काका धावत होता. तो म्हशी आणायला बांधावर गेला होता, त्याने बाबाला बघितलं, आणि तो परत घरी जाऊन कोयता घेऊन पुन्हा निघाला होता. त्याच्या कोयत्याला झेंडू लागलेला होता. त्याने देवापुढून उचलला होता, क्षणभरही न थांबता. मी मात्र तेव्हाही पाटाजवळून रिकाम्या हाताने धावत आलो होतो. आजपर्यंत मला कळलेलं नाही की मी असा कसा आलो.

बाबा झडपेच्या बाहेरच्या अंगाला होता, एक पाय खाली, चिखलात. वर पाणी शांत होतं. काका पाण्यात उतरला आणि बुडी मारून दोरी तोडली. आम्ही दोघांनी त्याला बांधावर घेतलं. सदऱ्याची वरची दोन बटणं तुटलेली होती. मी ते बघितलं आणि हात कशासाठी सदऱ्यात गेला होता ते मला समजलं, आणि मी तिथेच बांधावर बसून ओरडलो, काय ते आठवत नाही. काका मला धरून बसला होता.

झडपेत जुन्या जाळ्याचा गोळा अडकलेला होता, तो बाबाने काढून बांधावर फेकलेला सापडला. काम आधी पुरं केलं होतं. त्यानंतर खारं पाणी आत आलं नाही, भात चांगलं झालं. कापणीला मी गेलो नाही.

सुतक फिटल्यावर काकाने मला ती दोरी दिली. त्याला ती जाळून टाकायची होती, पण आधी मला दाखवावी असं त्याला वाटलं.

“तीन फेरे होते पायाला,” तो म्हणाला. “पन दोन सुटलेले. म्या तोडला तो येकच.”

“पाण्याने सुटले असतील.”

“पान्यानं आवळतात, सुटत नाय. हे बग.” दोरीच्या एका जागी धागे पिंजलेले होते. दातांनी पिंजावे तसे.

काका गेल्यावर मी ती दोरी आणि सुरी घेऊन उघाडीवर गेलो. मला तपासायची सवय आहे. बांधावरच्या खुंटाला मी दोरीचे तीन फेरे घेतले, भिजवले, अंगाचा जोर लावून आवळले. सुरी लावली आणि ओढली. एकदाच. तिन्ही फेरे एकदम गळून पडले. मी म्हटलंच होतं, सुरीत खोट नव्हती.

मग उरलेल्या तुकड्याचे पुन्हा तीन फेरे घेतले, तसेच भिजवले, तसेच आवळले, आणि सुरी बाजूला ठेवून बोटांनी सोडवायला बसलो. माझी बोटं फिटरची आहेत. गंजलेले नट मी हातांनी फिरवलेत. भर उजेडात, कोरड्या जमिनीवर, कुठलीही घाई नसताना बसलो होतो. नखं उलटली, रक्त आलं. पहिला फेराही सुटला नाही.

त्याने दोन सोडवले होते. खाली वाकून, चिखलात, नखं नसलेल्या बोटांनी, आणि दोरीचं टोक वर ओढून, पाणी तोंडाशी येईपर्यंत दातांनी. भांगाची भरती हळू चढते. त्याला पुष्कळ वेळ मिळाला होता, आणि तो सगळा वेळ त्याने जगण्यासाठी वापरला. माझ्या बाबाला जगायचं होतं. मला ते कधीच कळलं नव्हतं, आणि तो त्यासाठी झटत होता तेव्हा मी बांधाच्या अलीकडे, पडवीत, पोटभर जेवून, झोपलो होतो.